आकाशातील ओळख : ग्लायडरसाठी ट्रान्सपॉंडर आणि सूचक यंत्रांची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाट्य, संगीत आणि इतिहास यांनी सजलेल्या या व्याख्यानमालेत ग्लायडरवरील उपकरणांचा विषय काहीसा आडवळणाचा वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु गणपतीला किंवा दिवाळीला विमानाने गावाकडे जाणाऱ्या आपणा सर्वांचा या विषयाशी संबंध आहे. आकाश एकच असून त्यात तीनशे प्रवाशांचे विमानही उडते आणि एकट्या माणसाचे ग्लायडरही. या दोघांनी एकमेकांस ओळखावे कसे, हा आजचा प्रश्न आहे.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. जमिनीवरील यंत्राने दोर ओढून किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून ते वर नेतात आणि मग सोडून देतात. पुण्याच्या हडपसर भागात अशी ग्लायडरे आकाशात फिरताना आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. वर गेल्यावर ते घारीप्रमाणे वागते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा स्तंभ गाठावयाचा आणि त्यात घिरट्या घालीत उंची मिळवावयाची, ही त्याची रीत. जेथे एका घारीला हवा सापडते तेथे दहा घारी जमतात. ग्लायडरांचेही तसेच होते. एकाच स्तंभात अनेक ग्लायडरे वर्तुळे घेऊ लागतात आणि टकरीचा पहिला धोका तेथे उत्पन्न होतो. दुसरा धोका वेगवान विमानांचा. ते सरळ रेषेत येतात आणि त्यांच्या वैमानिकास या घिरट्यांची कल्पनाही नसते.

‘डोळे उघडे ठेवावेत, म्हणजे झाले,’ असे कोणी म्हणेल. ही शिकवण आजही पहिली आहे. पण डोळ्यांच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. समोरची वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्यावरच येत आहे हे उमगणे, निर्णय घेणे, हात हलणे आणि विमानाने वळणे, या सर्वांस मिळून सुमारे १२.५ सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आपल्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. समजा, ग्लायडर ताशी १०० किलोमीटर वेगाने आणि जेट विमान ताशी ५०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. तेवढ्या सेकंदांत त्यांच्यातील दोन किलोमीटरहून अधिक अंतर संपून जाते. दोन किलोमीटरांवरून समोरून पाहिलेले पांढरे, सडपातळ ग्लायडर ढगांच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ अदृश्यच असते. त्यात निसर्गाचा आणखी एक खोडसाळपणा आहे. दोन्ही विमाने सरळ मार्गाने येऊन धडकणार असतील, तर समोरचे विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. मानवी नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका नव्हे. ज्याच्यापासून भय अधिक, तेच डोळ्याला कमी जाणवते!

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, सुमारे १६,००० फूट उंचीवर, रीनोकडे उतरत येणारे हॉकर जातीचे एक छोटे जेट आणि एक आधुनिक ग्लायडर यांची टक्कर झाली. ग्लायडरच्या वैमानिकाने हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली. जेटच्या वैमानिकांनी जखमी झालेले विमान कार्सन सिटीच्या धावपट्टीवर चाके न उघडताच उतरविले. दोन्ही विमानांतील सहाही जण वाचले, हे भाग्यच म्हटले पाहिजे. परंतु चौकशीत जे निघाले ते विचार करावयास लावणारे आहे. त्या ग्लायडरवर ट्रान्सपॉंडर बसविलेला होता. मात्र तो बंद होता. बॅटरी वाचवावी, या हेतूने तो चालू केलेला नव्हता. तेव्हाच्या नियमांनुसार ग्लायडरना त्याबाबत सूटही होती. यंत्र जवळ होते, तरी अपघात झाला.

आता ट्रान्सपॉंडर म्हणजे काय, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात रडारवर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्याची गरज पडली आणि त्यातून या यंत्राचा उगम झाला. जमिनीवरील दुय्यम रडार १,०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते. विमानातील ट्रान्सपॉंडर १,०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. साध्या प्रकारात तो चार अंकी सांकेतिक क्रमांक सांगतो. त्यापुढील ‘मोड सी’ प्रकारात उंचीही सांगतो. आणखी पुढच्या ‘मोड एस’ प्रकारात प्रत्येक विमानाला स्वतःचा वेगळा पत्ता असतो, त्यामुळे रडारला नेमक्या त्याच विमानाला हाक मारता येते. मोठ्या विमानांवर ‘टीकॅस’ नावाची टक्कर टाळणारी यंत्रणा असते. तीही हाच प्रश्न विचारते आणि उत्तर आले तर वैमानिकास ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा आदेश देते. उत्तरच आले नाही, तर तिच्या लेखी समोर कोणीही नसते.

या यंत्रणेचे मोल आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीच्या पश्चिमेस, हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे प्राणास मुकली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले होते. दिल्लीच्या नियंत्रकांना तेव्हा विमानांची उंची पडद्यावर दिसत नव्हती आणि त्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणाही नव्हती. त्यानंतर भारताने व्यापारी विमानांवर ती सक्तीची केली. पण ती सक्ती उपयोगी पडण्यास समोरच्यानेही उत्तर देणे आवश्यक असते, हे विसरून चालणार नाही.

ग्लायडरांच्या आपापसांतील धोक्यावर मात्र ट्रान्सपॉंडर हा पुरेसा उपाय नव्हे. एकाच स्तंभात शंभर मीटरांच्या अंतराने फिरणारी दहा ग्लायडरे एरवीच्या यंत्रणेला सतत धोक्यातच दिसतील आणि सारखी घंटा वाजत राहील. म्हणून स्वित्झर्लंडमधील ग्लायडर उडविणाऱ्या काही अभियंत्यांनी २००४ साली ‘फ्लार्म’ नावाचे छोटे यंत्र सिद्ध केले. ते उपग्रहांवरून आपले स्थान जाणते, पुढील काही सेकंदांत आपण कोठे असू याचा अंदाज बांधते आणि तो लहान क्षमतेच्या रेडिओवरून आसपास कळविते. शेजारच्या ग्लायडरवरील फ्लार्म तो ऐकते, स्वतःच्या मार्गाशी ताडून पाहते आणि खरोखरच टक्कर संभवत असेल तरच धोक्याचा इशारा देते. घिरट्या घालणाऱ्यांच्या चाली त्यास ठाऊक असतात. त्याची हाक सामान्यतः काही किलोमीटरच पोहोचते. मंदगती ग्लायडरांना तेवढी पुरते.

येथे निवडीचा खरा पेच उभा राहतो. फ्लार्मचे बोलणे टीकॅसला ऐकू येत नाही आणि साध्या फ्लार्मला ट्रान्सपॉंडरचे बोलणे समजत नाही. आपणा परप्रांतात राहणाऱ्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात आणि मंडळात आपण मराठी बोलतो. बाजारात, कचेरीत, शेजारी येथील भाषा बोलतो. एकीने दुसरीचे काम होत नाही. फ्लार्म ही ग्लायडरांची घरची भाषा आहे, ट्रान्सपॉंडर ही आकाशाच्या राजमार्गावरची. म्हणून उपकरण घेताना ‘मला काय काय दिसेल?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असावा, ‘मी कोणाला दिसलो पाहिजे आणि तो कोणती भाषा ऐकतो?’

या प्रश्नाच्या उत्तरावरून निवड आपोआप ठरत जाते. जेथे ग्लायडरांचीच गर्दी आहे, डोंगरकडांच्या वाऱ्यावर किंवा स्पर्धांत जेथे अनेक जण एकत्र उडतात, तेथे फ्लार्म आधी घ्यावे. जेथे विमानतळाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जेटांचे मार्ग जवळ आहेत, तेथे मोड एस ट्रान्सपॉंडर आधी घ्यावा. ट्रान्सपॉंडरला योग्य उपग्रहीय स्थानदर्शक जोडला, तर तो ‘एडीएस-बी’ पद्धतीने आपले स्थान न विचारताही जाहीर करीत राहतो. फ्लार्मच्या सुधारित आवृत्त्या ट्रान्सपॉंडरचे आणि एडीएस-बीचे बोल ऐकू शकतात. मात्र स्थान न सांगणाऱ्या साध्या ट्रान्सपॉंडरबाबत त्यांना उंचीतील फरक आणि अंतराचा ढोबळ अंदाज एवढेच कळते. दिशा कळत नाही. बाजारात स्थान जाहीर करणारी खिशातली यंत्रेही मिळतात. ती उपयुक्त आहेत, पण रडारच्या प्रश्नाला उत्तर देत नसतील तर टीकॅसच्या दृष्टीने ती मुकीच ठरतात. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे. ऐपत असेल आणि दोन्ही धोके असतील, तर दोन्ही यंत्रे हवीत.

क्षमतेचाही विचार हवा. ट्रान्सपॉंडरचे दोन वर्ग असतात. दुसऱ्या वर्गाचा ट्रान्सपॉंडर १५,००० फुटांपर्यंत आणि १७५ नॉटपर्यंतच्या वेगासाठी मानलेला आहे. त्याहून उंच जाणाऱ्यास पहिला वर्ग घ्यावा लागतो. त्यानंतर अँटेनाची जागा. काचतंतूच्या सांगाड्यातून रेडिओलहरी जातात, पण कार्बनतंतू त्यांना अडवितात. उत्तम यंत्र आणून अँटेना कार्बनच्या आड बसविली, तर ते तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखे होते. मोड एसचा पत्ता दोन्ही यंत्रांत सारखाच भरावा. नाही तर सुधारित फ्लार्म आपल्याच ट्रान्सपॉंडरला परके विमान समजून स्वतःच्या सावलीला भिऊ लागते. फ्लार्मची आज्ञावली निदान वर्षातून एकदा अद्ययावत करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

राहता राहिली बॅटरी, आणि नेवाडातील सारी हकीकत तिच्याभोवतीच फिरते. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून वीज निर्माण करणारा जनित्रही नाही. समजा, बॅटरी ७ अँपियर-तासांची आहे आणि रेडिओ, मापके, फ्लार्म व ट्रान्सपॉंडर मिळून सव्वा अँपियर घेतात. कागदावर साडेपाच तास मिळतात. उंचावरची थंडी आणि बॅटरीचे वय ते आणखी कमी करतात. उड्डाण सहा तासांचे असेल तर शेवटी काहीतरी बंद करण्याचा मोह होणारच, आणि बहुधा तो ट्रान्सपॉंडरवरच येतो. कारण रेडिओ बंद झाल्याचे आपल्याला कळते, ट्रान्सपॉंडर बंद झाल्याचे फक्त इतरांना कळते, आणि तेही उशिरा. म्हणून यंत्राच्या किमतीतच दुसऱ्या बॅटरीची किंमत धरावी. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम लोह फॉस्फेटची घेतल्यास तेवढ्याच वजनात अधिक वीज मिळते. जे यंत्र संपूर्ण उड्डाणभर चालू ठेवता येत नाही, ते विकत घेतले असे म्हणू नये.

शेवटी एक सावधगिरी. ही यंत्रे गप्प आहेत, म्हणून आकाश मोकळे आहे असे नव्हे. ज्याच्याजवळ यंत्र नाही, ज्याचे बंद आहे किंवा ज्याची अँटेना झाकलेली आहे, त्याविषयी ती काहीच सांगत नाहीत. पडद्याकडे टक लावून बसणारा वैमानिक यंत्र नसलेल्यापेक्षाही धोक्यात असतो. इशारा कानाने ऐकावा आणि नजर बाहेर ठेवावी, हाच योग्य क्रम होय.

आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली विमानविद्येकडे वळली आहेत, त्यांनी हा विषय घरी जरूर काढावा. छंद एकट्याचा असला तरी आकाश सामायिक आहे. आपण येथे आहोत हे दुसऱ्यास वेळेवर आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हा जसा स्वतःच्या रक्षणाचा मार्ग आहे, तसाच तो शेजारधर्मही आहे. जेटमधील त्या तीन प्रवाशांना ग्लायडरच्या बॅटरीविषयी काय ठाऊक असणार? त्यांच्या वतीने तो विचार ग्लायडरच्या वैमानिकानेच करावयाचा असतो.