कॅज्युअल्टीतील दोन आठवडे आणि वेळेचा हिशेब



एम. बी. बी. एस.ची शेवटची परीक्षा पार पडली की घरात पेढे वाटले जातात आणि आपला मुलगा वा मुलगी डॉक्टर झाली असे आपण धरून चालतो. परंतु त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यातील दोन आठवडे कॅज्युअल्टीत काढावे लागतात. या दोन आठवड्यांत वेळ कसा सांभाळावा, एवढाच आजचा विषय आहे.

कॅज्युअल्टीत आधी आला त्याला आधी तपासले, असे चालत नाही. ज्याचा जीव धोक्यात आहे तो लाल, जो थोडा थांबू शकतो तो पिवळा, किरकोळ दुखणे असलेला हिरवा, अशी रुग्णांची विभागणी होते. इंटर्नने आपल्या चोवीस तासांचीही अशीच विभागणी करावी, असे मी सुचवीन. मग लाल रंगात पहिली कोणती गोष्ट घालाल? पुष्कळ जण म्हणतील, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास. माझे उत्तर आहे, झोप.

याला आधार आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता हिशेब करा. सकाळी सहाला उठलेला इंटर्न दिवसभर पुस्तके वाचतो आणि रात्री आठला ड्यूटीवर जातो. रात्री अकराला त्याचे सतरा तास भरतात. सकाळी आठपर्यंतचे नऊ तास अजून बाकी असतात! त्या नऊ तासांत त्याला सुई टोचायची असते, औषधाची मात्रा मोजायची असते. ज्याने कधी मद्याला स्पर्श केला नाही त्याचीही ही अवस्था होते, हे ध्यानात घ्या.

म्हणून रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपलेच पाहिजे. पहाटे तीननंतर चहा-कॉफी टाळावी, कारण तिचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो आणि सकाळची झोप उडते. पाळी संपल्यावर स्वतः मोटारसायकल चालवत घरी येऊ नये.

पाळीवर पंधरा मिनिटे आधी पोहोचा. कोणत्या रुग्णाचा रक्ताचा अहवाल यायचा आहे, कोणाचा एक्स-रे बाकी आहे, कोणाला पुन्हा पाहायचे आहे, हे आधीच्या सहकाऱ्याकडून लिहून घ्या आणि जाताना पुढच्याला तसेच लिहून द्या. पाळी बदलायची असेल तर तोंडी ठरवू नका; वरिष्ठांची संमती घेऊन तक्त्यावर नोंद करा. लॉगबुक त्याच दिवशी भरा.

अभ्यासाचे काय? तो पिवळ्या रंगात ठेवा. रोज पाहिलेल्या रुग्णांपैकी एक निवडा आणि त्याच्या आजारावर अर्धा तास वाचा. दोन आठवड्यांत दहा-बारा आजार कायमचे लक्षात राहतील. मित्रमंडळी, बाजारहाट, फोनवरच्या गप्पा हे सारे हिरव्या रंगाचे. ते थांबू शकते.

आता पालकांना एक विनंती. मुलगी रात्रभर उभी राहून सकाळी घरी येते. दहा वाजता पाहुणे आले म्हणून अम्मी तिला उठवते, दुपारी अब्बा एखाद्या नातेवाइकाचे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवतात. यात माया आहे, अभिमानही आहे. पण संध्याकाळी तीच मुलगी अर्धवट झोपेत दुसऱ्याच्या मुलाला सलाईन लावायला जाते. तेव्हा तिचा ड्यूटीचा तक्ता स्वयंपाकघरात लावा. ती झोपली असेल त्या खोलीत अंधार ठेवा, तिचा फोन तुम्ही घ्या, पाहुण्यांना नम्रपणे सांगा. रात्री तिला पोहोचवायला व सकाळी आणायला कोण जाईल, हेही आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाका.

विद्यार्थी मित्रांनो, कॅज्युअल्टीत कोण केव्हा येईल हे तुमच्या हाती नाही. तुम्ही तेथे कोणत्या अवस्थेत उभे असाल, हे मात्र बहुतांशी तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या हाती आहे. तेवढे सांभाळा.