'डायपर' शब्दाचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मध्यंतरी आमच्या शेजारी बारसे होते. बाळाला न्हाऊमाखू घालून आजींनी लंगोट हाती घेतला, तोच सूनबाई म्हणाली, "आई, आज डायपर बांधू या." झाले! "ही साहेबी थेरं आमच्या वेळी नव्हती," असे आजी बोलून गेल्या, आणि ऐन पाळण्याच्या वेळी त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तेव्हा मी गप्प बसले. आज मात्र त्या बिचाऱ्या शब्दाची बाजू मांडणार आहे.

डायपर हे मुळात कापडाचेच नाव! ग्रीकमध्ये 'अस्प्रोस' म्हणजे पांढरे आणि 'दिआ' म्हणजे आरपार. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'दिआस्प्रुम' व जुन्या फ्रेंचमध्ये 'दिआस्प्र' झाले. ते भारी रेशमी वस्त्र होते. इंग्रजीत मात्र हे नाव पुढे शंकरपाळ्यांच्या विणीच्या साध्या पांढऱ्या कापडाला लागले. ज्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी आपली 'त्राटिका' रचली, त्या शेक्सपिअरच्या नाटकात डायपर आहे तो हात पुसायचा! बाळाच्या कमरेला तो बसला एकोणिसाव्या शतकात. खुद्द इंग्लंडात आज 'नॅपी' म्हणतात. ते 'नॅपकिन'चे लाडके रूप, आणि त्याचे मूळ लॅटिन 'माप्पा', म्हणजे रुमाल. नकाशाचा 'मॅप'ही त्याच घरचा, हे ऐकून मला तर हसूच आले.

आता आपले दुपटे घ्या. 'दु' म्हणजे दोन, 'पट' म्हणजे वस्त्र. मुलींचा दुपट्टा त्याचाच भाऊ. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दोन थर एकावर एक ठेवून टाके घातले, की झाले दुपटे. म्हणजे इकडे काय नि तिकडे काय, मोठ्यांच्या वापरातले कापडच बाळाकडे आले.

पुढे अमेरिकेत मेरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघराचा जलरोधक पडदा कापून लंगोटावरचे आवरण शिवले. त्याचे पेटंट तिला 1951 साली मिळाले. मग एकदा वापरून टाकायचे डायपर घरोघर पोचले. कापड गेले, नाव तेवढे राहिले.

परवा हे सारे मी शेजारच्या आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "अगो, मग ते शंकरपाळ्यांचे कापडच आणा की!" सूनबाई खुदकन हसली. सध्या त्या घरी दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असे ठरले आहे.