घर्षणात ऊर्जा जाते कुठे?

थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो आणि ते गरम होतात. ही ऊब येते कुठून? पृष्ठभागावरचे उंचवटे एकमेकांत अडकतात म्हणून घर्षण होतं, असं आपण शाळेत शिकलो. ते अपुरं आहे. पृष्ठभाग अगदी अणूंच्या पातळीवर सपाट असला, काहीही झिजलं नाही, तरी घर्षण बहुधा उरतंच.

१९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी याचं फार सुंदर प्रारूप मांडलं. सरकणारा अणू खालच्या अणूंमधल्या खळग्यात अडकतो. आपण ओढत राहतो, तसा बंधांमध्ये ताण साठतो, ताणलेल्या स्प्रिंगसारखा. मग एका क्षणी अणू सुटतो आणि पुढच्या खळग्यात झेपावतो. खरी गोष्ट घडते ती इथे. साठलेली ऊर्जा अणूला थरथरवते, ती थरथर शेजारच्या अणूंकडे जाते, त्यांच्याकडून आणखी आत. या कंपनांना फोनॉन म्हणतात. असंख्य अणूंत विखुरलेलं हे विस्कळीत कंपन म्हणजेच उष्णता. धातूंमध्ये थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनही घेतात.

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत टंगस्टनची सूक्ष्म सुई ग्रॅफाइटवरून फिरवली, तेव्हा घर्षणबल अणूंच्या रचनेच्या तालावर अडखळताना प्रत्यक्ष मोजता आलं. पुढे २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ग्रॅफाइटचा इवलासा तुकडा ग्रॅफाइटवरच थोडा वळवून सरकवला. वरचे अणू आणि खालचे खळगे जुळेनात, अडकून झेपावण्याची वेळच येईना, आणि घर्षण जवळजवळ नाहीसं झालं.