बी झोपते आणि बी मरते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे मोठे व्याख्यान मला जमायचे नाही. पण फळे खाल्ल्यावर मागे उरलेल्या बिया घरोघरी आपणच गोळा करतो, तेव्हा त्यांच्याविषयीच बोलते.

कोणतीही बी दिसली की ती उन्हात वाळवायची, राख लावायची आणि डब्यात भरायची, ही आपली रीत. ज्वारी-तुरीला ती उत्तमच. फळझाडांत मात्र दोन तऱ्हा आहेत. चिंच, बोर, सीताफळ यांची बी वाळली तरी मरत नाही, झोपी जाते. आंबा, जांभूळ, फणस यांची बी वाळली की मेलीच. १९७३ साली रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे असे दोन वर्ग सांगितले.

आता ओळखायचे कसे? फळ कोणत्या महिन्यात पिकते ते पाहावे. आंबा-जांभूळ पिकते आणि पाठोपाठ पाऊस येतो. बी ओल्या मातीत पडते, तिला झोपून काय करायचे? सीताफळ दसरा-दिवाळीच्या सुमारास, बोर थंडीत आणि चिंच शिमग्याच्या सुमारास. त्यांच्या बियांना सारा उन्हाळा काढून मृगाची वाट पाहायची असते, म्हणून देवाने त्यांना टणक कवच आणि झोप दिली. हा नियम सगळ्याच झाडांना लागू नाही, पण आपल्या शिवारापुरता पुष्कळ उपयोगी पडतो.

झोपलेल्या बीला जागे करावे लागते. चिंचोका दगडावर थोडा घासावा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवावा. बोराची आठळी हलक्या हाताने फोडून आतली बी लावली, तर महिन्याचे काम आठवड्यावर येते. सीताफळाची बी सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि लावण्याआधी दोन दिवस भिजत घालावी. तिची पूड उवांसाठी कोणी डोक्याला लावू नये. डोळ्यांत गेली तर फार इजा होते.

जांभळाची बी धुऊन पंधरा दिवसांच्या आत लावावी. आंब्याची कोयही लवकरच लावावी. थोडे दिवस थांबायचेच असेल तर ओलसर वाळूत पुरून सावलीत ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथल्या थंडीनेही ती मरते.

भगिनींनो, खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय बियाणे पेढीत धान्याचे बी उणे १८ अंशांच्या थंडीत वर्षानुवर्षे टिकते. आंब्याची कोय तशी टिकत नाही. आंबा सांभाळायचा तर झाडच जिवंत ठेवावे लागते. म्हणजे आपल्या बांधावरचा जुना गावरान आंबा दुष्काळात वाळला किंवा कुऱ्हाडीखाली गेला, तर त्याचे बी कोणाच्या डब्यात नाही आणि कोणत्याही पेढीत नाही. ती चव कायमची गेली. शेपूच्या वासाचा असो की खोबऱ्यासारखा, ज्याचा त्याचा गुण त्याच्याबरोबरच जातो.

नुसती कोय लावून हुबेहूब तोच आंबा मिळेल असे नाही. लेकरू आईसारखे असते, पण आई नव्हे. त्यासाठी कोय कलम करावे. पावसाळ्यात कोय रुजवून रोप दहा-पंधरा दिवसांचे झाले की त्याच्या कोवळ्या दांड्यावर जुन्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी बसवतात. हे काम जाणत्या माळ्याकडून शिकून घेता येते.

म्हणून माझी एवढीच विनंती. यंदा ज्येष्ठात प्रत्येकीने आपल्या बांधावरच्या एका जुन्या आंब्याच्या दहा कोयी ओल्या असतानाच पिशव्यांत लावाव्यात आणि मंडळाने त्यांवर कलमे बांधवून घ्यावीत. रोपे काळभैरवनाथाच्या माकडांपासून जपावी लागतील हे सोनारीच्या बायकांना मी काय सांगू! पण काटेरी कुंपण आपल्याला घालता येते.