रंगमंच कुणाच्या बापाचा?

(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? तिसरी घंटा, लाल पडदा, अत्तर मारलेले प्रेक्षक, मध्यंतरातला बटाटेवडा. आणि स्टेजवर तीन भिंतींचा दिवाणखाना. त्या दिवाणखान्यात आपलं माणूस आलंच तर लादी पुसायला येतं. म्हणून आपल्यातले बरेच जण म्हणतात, नाटक हा पांढरपेशांचा धंदा, आपलं काम मोर्चा. मला हे पटत नाय. आज मी वेल्स नावाच्या मुलखाबद्दल बोलणार आहे. तिथं खाणीतल्या, भट्टीवरल्या आणि गोदीतल्या माणसांनी नाटक कसं उभं केलं आणि कुठं ते त्यांच्या हातून निसटलं, ते सांगणार आहे. त्यात घेण्यासारखंही आहे आणि सावध होण्यासारखंही.

वेल्स म्हंजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ मुलूख. मुंबईच्या पाव हिस्सा वस्ती. त्याच्या पोटातला कोळसा इंग्रजांनी उपसला आणि जगभरच्या आगबोटींच्या भट्ट्यांत घातला. या लोकांची स्वतःची भाषा आहे, इंग्रजीशी तिचा मेळ नाही. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत पोर आईची भाषा बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. त्याला 'वेल्श नॉट' म्हणत. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल, त्याच्या वाट्याला छडी. गळ्यात काय अडकवतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको, आपल्या वाडवडलांच्या गळ्यात मडकं होतं. फरक एवढाच, की त्या पोराचा तुकडा संध्याकाळी निघायचा. आज त्याच भाषेत नाटक करणारी त्यांची राष्ट्रीय संस्था आहे, २००३ साली उभी राहिली. छडी खाल्लेली भाषा रंगमंचावर उभी आहे, हे आधी ध्यानात घ्या.

आता खाणीकडे चला. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत खाणकामगारांनी स्वतःचे हॉल बांधले. कसे बांधले? पगारातल्या पौंडामागे पेनी, कुठं दोन पेनी कापून द्यायचे. कुण्या शेटजीची देणगी त्यांना पुरी पडली असती, पण मग भिंतीवर शेटजीचा फोटो लागला असता. ट्रिऑर्की गावी पार्क आणि डेअर या दोन खाणींच्या कामगारांनी १८९२ साली इन्स्टिट्यूट बांधलं आणि १९१३ साली त्याला मोठं नाट्यगृह जोडलं. ब्लॅकवुडचं मायनर्स इन्स्टिट्यूट १९२५ चं. आत वाचनालय, वर्तमानपत्रांची खोली, बिलियर्डचं टेबल, सभेची जागा आणि रंगमंच. दिवसभर जमिनीखाली काळाठिक्कर झालेला माणूस संध्याकाळी अंग धुऊन इथं यायचा, पुस्तक वाचायचा, गाण्याच्या संचात उभा राहायचा, हौशी नाटकात काम करायचा. ट्रेडेगरच्या अशाच वाचनालयात अन्यूरिन बेव्हन वाचून शहाणा झाला. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला हा पोरगा पुढं मंत्री झाला आणि १९४८ साली त्यानं सगळ्या ब्रिटनला फुकट दवाखाना दिला. म्हंजे नाटक, वाचन, युनियन, दवाखाना हे त्यांच्याकडे वेगवेगळ्या कपाटात ठेवलेले नव्हते. एकाच छपराखाली, एकाच पेनीवर चालायचे.

या खाणकामगारांचा एक दोस्त होता, पॉल रॉबसन. अमेरिकेतला काळा गायक-नट, गुलामीतून पळालेल्या बापाचा पोरगा. १९७२ साली इथली पोरं पँथर नाव घेऊन रस्त्यावर आली तेव्हा त्यांनी काळ्या अमेरिकेशी नातं सांगितलं. रॉबसननं ते नातं त्याच्या कितीतरी आधी वेल्सच्या कामगारांशी सांगितलं होतं. १९४० साली 'द प्राउड व्हॅली' सिनेमात तो वेल्सच्या खाणीत काम शोधत आलेला काळा कामगार झाला. पुढं अमेरिकन सरकारला त्याचं राजकारण झोंबलं. १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला. म्हणजे गळा मोकळा, पाय बांधलेले. १९५७ साली पोर्थकॉलला खाणकामगारांचा आयस्टेडफॉड भरला. आयस्टेडफॉड म्हंजे त्यांचा गाण्या-कवितेच्या स्पर्धांचा मेळा. रॉबसन येऊ शकत नव्हता, तर त्यांनी समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेतून त्याचा आवाज मागवला. तो न्यूयॉर्कहून गायला, इकडून कामगारांच्या संचानं त्याला गाऊन उत्तर दिलं. पुढच्या वर्षी पासपोर्ट मिळाला तसा तो स्वतःच वेल्समध्ये हजर झाला. पासपोर्ट जप्त करता येतो, आवाज जप्त करता येत नाही हे त्या टेलिफोनच्या तारेनं सिद्ध केलं.

पण भाबडे होऊ नका. गोरा कामगार म्हणजे आपोआप आपला भाऊ, असं गणित नसतं. मी गोदीत माल उतरवणारा माणूस, म्हणून कार्डिफच्या गोदीबद्दल जरा थांबून सांगतो. १९१३ साली कार्डिफ आणि शेजारच्या बॅरी, या दोन बंदरांतून मिळून दोन कोटी टनांवर कोळसा बाहेर गेला. त्या बोटींच्या तळात भट्टीपुढं होरपळणारे कोण? सोमाली, येमेनी, वेस्ट इंडीजचे काळे, आपल्याकडचे लास्कर खलाशी. बोट सुटेपर्यंत ही माणसं गोदीला लागून असलेल्या ब्यूटटाउनच्या वस्तीत राहायची. तिला जग टायगर बे म्हणून ओळखतं. १९१९ साली महायुद्ध संपलं, कामं आटली आणि गोऱ्यांचे जमाव या वस्तीवर चालून गेले. कार्डिफमध्ये तीन माणसं मेली. १९२५ साली सरकारनं हुकूम काढला, त्यानं ब्रिटिश प्रजा असलेल्या काळ्या खलाशांनाही परके म्हणून नोंदायला लावलं. १९५२ साली महमूद मत्तान नावाच्या सोमाली खलाशाला खुनाच्या आरोपावरून फाशी दिली. १९९८ साली कोर्टानं तो निकाल रद्द केला. सेहेचाळीस वर्षांनी! न्याय आला, पण मढं परत येत नाही. आणि १९६० च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली जुनी वस्तीच पाडली.

२००४ साली त्याच धक्क्यावर वेल्स मिलेनियम सेंटर नावाचं टोलेजंग नाट्यगृह उघडलं. वस्तीतून चालत जाता येईल इतकं जवळ. पण चालत जाता येणं आणि आत जाता येणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मी तुम्हाला काय सांगू! म्हणून २०१३ साली झालेलं काम मला मोठं वाटतं. ब्यूटटाउनमधल्या सोमाली घरांतल्या तरुण कवींना घेऊन 'दे गबय' नावाचा प्रयोग त्या वस्तीतच झाला. गबय म्हणजे सोमाली भाषेतला कवितेचा जुना, मानाचा प्रकार. सोमाली माणूस कवितेवर जगतो, भांडणही कवितेत मांडतो. खलाशांच्या नातवंडांनी ती कविता गोदीच्या गल्लीत आणली आणि प्रेक्षकांना वस्तीत यावं लागलं. पत्ता उलटा झाला. आपली कविता त्यांच्या हॉलमध्ये नेऊन वाचणं हा एक मार्ग. त्यांना आपल्या गटाराच्या कडेनं चालत आणणं हा दुसरा. मला दुसरा जास्त आवडतो.

हा प्रयोग ज्यांनी केला त्या नॅशनल थिएटर वेल्सबद्दल आता सांगतो. राष्ट्रीय नाटक कंपनी, पण तिला स्वतःचं नाट्यगृह नव्हतं. मुद्दामच नव्हतं. कार्डिफला एक छोटं ऑफिस, बाकी सगळा वेल्स हाच रंगमंच. २०१० च्या मार्चपासून वर्षभरात तेरा नाटकं, तेरा जागी. पहिलं कुठं केलं? ब्लॅकवुडच्या त्याच खाणकामगारांच्या हॉलमध्ये. त्यांच्याबरोबर 'टीम' नावाचं माणसांचं जाळं होतं. गावोगावची शिक्षक, बेकार, कॉलेजची पोरं, आज्या, हौशी नट. कंपनी गावात शिरायच्या आधी ही माणसं तिथली नस सांगायची.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'द पर्शियन्स' हे जुनं ग्रीक नाटक त्यांनी एपिंट डोंगरावरच्या लष्करी सरावाच्या हद्दीत केलं. १९४० साली सरकारनं लष्करासाठी तिथली चौपन्न घरं उठवली. दोनशेवर माणसं बाहेर. मग लष्करानं लढाईच्या सरावाला तिथं खोटं गाव बांधलं. ज्यात कुणी राहत नाही असं गाव! प्रेक्षकांना बसमध्ये घालून तिथं नेलं आणि युद्धात हरलेल्यांच्या रडण्याचं नाटक त्या खोट्या गावात दाखवलं. खरं गाव कुठं गेलं, हा प्रश्न न बोलता उभा राहिला. धरणात, कारखान्याखाली गेलेली आपली गावं आठवा.

आणि २०११ चा ईस्टर. पोर्ट टॅलबट नावाचं पोलादाचं गाव. तिथं बहात्तर तास नाटक चाललं, 'द पॅशन'. ख्रिस्ताच्या छळाची गोष्ट, पण ख्रिस्त नाही, 'शिक्षक' नावाचा माणूस. हे काम मायकेल शीननं केलं. तो त्याच भागात वाढलेला, सिनेमात नाव कमावलेला नट. लिहिलं ओवेन शीर्सनं. शुक्रवारी पहाटे समुद्रकिनाऱ्यावर सुरुवात, शेवटचं जेवण कामगारांच्या क्लबात आणि रविवारी समुद्राजवळच्या चौकात क्रूस. यात गावचे हजारावर लोक होते. बँडवाले, गाणारे, हौशी मंडळं, शाळेची पोरं. कामावरून सुटून तालमीला येणारे. १९६० च्या दशकात या गावाच्या उरावरून मोटररस्ता गेला, त्यात घरं पाडली. नाटक त्या रस्त्याखाली गेलं, पाडलेल्या घरांच्या गल्लीत गेलं. हा 'शिक्षक' उपदेश करत नाही, तो लोकांचं ऐकतो. आणि क्रूसावर लटकलेला असताना काय बोलतो? गावाच्या आठवणी. हरवलेली माणसं, हरवलेल्या जागा. गाव स्वतःची नावं ऐकत उभं राहिलं.

आता कुणी म्हणेल, या भागाच्या मातीतच नट उगवतात. रिचर्ड बर्टन इथलाच, खाणकामगाराचा पोरगा. अँथनी हॉपकिन्स इथलाच, पाववाल्याचा पोरगा. मातीबितीचं काही नसतं राव. बर्टनला फिलिप बर्टन नावाचा मास्तर भेटला, त्यानं त्याला घडवलं. शीन वेस्ट ग्लॅमॉर्गन यूथ थिएटरमधून आला, ते सरकारी शिक्षणखात्याच्या पैशावर चालायचं. प्रतिभा गुणसूत्रात असते हे ब्राह्मणी पुराण आहे. प्रतिभेला मास्तर लागतो, जागा लागते, तालमीपुरता रिकामा वेळ लागतो.

आता याच गावातून थेट आपल्या मुंबईत येतो, कारण पोर्ट टॅलबटच्या भट्टीचा मालक फोर्टात बसतो. २००७ साली टाटा स्टीलनं कोरस कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर हा कारखाना आला. २०१६ च्या मार्चमध्ये मुंबईत बोर्डाची बैठक भरली आणि ब्रिटनमधला धंदा विकायचा विचार जाहीर झाला. युनियनचे पुढारी आणि तिथला खासदार त्यासाठी मुंबईला आले. पोटाचा निकाल सात समुद्रापलीकडच्या टेबलावर लागायचा, हे मँचेस्टरच्या मालानं मोडलेल्या आपल्या विणकराला ठाऊक होतं. आता ते गोऱ्या कामगाराला कळलं. भांडवलाला चामडीचा रंग नसतो, आणि देशही नसतो. त्या लढ्यातून २०१७ साली 'वी आर स्टिल हिअर' नाटक झालं, म्हंजे 'आम्ही अजून आहोत'. लिहिलं रेचल ट्रेझिसनं, केलं कॉमन वेल्थ आणि नॅशनल थिएटर वेल्सनं मिळून. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. पोलाद कामगारांचं ऐकून, त्यांच्याच बोलीत. पुढं ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटची झोतभट्टी विझली. विजेची भट्टी येणार, धूर कमी होणार, हेही खरं. पण सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असं कंपनीनं त्या जानेवारीत सांगितलं होतं, बहुतेक याच गावच्या. नाटकानं भट्टी वाचली नाही. वाचणारही नव्हती. नाटकाला ते काम लावू नका. पण कागदावर ज्यांची फक्त संख्या होती त्यांनी स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगितलं.

शेवटचं. २०२३ साली वेल्सच्या कला मंडळानं नॅशनल थिएटर वेल्सचं नेहमीचं अनुदान बंद केलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनी संपली. पंधरा वर्षांचं आयुष्य. तिच्यातलं उरलं काय? ते माणसांचं जाळं, 'टीम'. त्यानं वेगळं नाव घेऊन काम चालू ठेवलं. २०२५ च्या सुरुवातीला शीननं नवी राष्ट्रीय कंपनी जाहीर केली, स्वतःचे पैसे घालून. चांगली गोष्ट आहे. पण नटाच्या खिशावर चालणारं नाटकही दुसऱ्याच्याच खिशावर चालतं.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. पेनी-पेनीचा ट्रिऑर्कीचा हॉल खाणी बंद पडल्या तरी उभा आहे, अजून तिथं पडदा उघडतो. अनुदानावरची राष्ट्रीय कंपनी एका पत्रासरशी कोसळली. मी अनुदान नाकारा म्हणत नाही. तो आपल्याच घामाचा पैसा आहे, भांडून घ्यायचा. पण पाया त्यावर घालायचा नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनं १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले ते कुठल्या सरकारी पत्रावर नाही.

म्हणून मी तीन गोष्टी मागतो. पगाराच्या दिवशी प्रत्येकानं जलशाच्या डब्यात पैसे टाकायचे, थोडे का असेना. तालमीला बुद्धविहार आहे, समाजमंदिर आहे, रात्री रिकामं पडलेलं गोडाऊन आहे, ते मागायचं, नाही दिलं तर घ्यायचं. आणि गोष्ट लिहिण्याआधी वस्तीतल्या म्हाताऱ्यांपुढं बसायचं, त्यांना बोलू द्यायचं. बायांना आधी, कारण त्या खाणकामगारांच्या हॉलच्या कमिट्यांवरही बाप्येच बसलेले असायचे आणि आपल्या कमिट्याही तशाच आहेत.

पुढच्या रविवारी डबा फिरेल. खिसे चाचपून या.

जय भीम.