रस्ता बांधला, राखायचा कोणी?



गिरणीचा मालक यंत्र विकत घेतो, तेव्हा त्याचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. यंत्र झिजणार आहे, याची ती कबुली असते. जिल्हा परिषदेच्या रस्त्याला ही कबुली लाभत नाही. शासकीय हिशेब रोकड पद्धतीचा. रस्ता बांधला त्या वर्षी खर्च दिसतो, पुढची झीज कागदावर कुठेच उमटत नाही. जी झीज नोंदलीच जात नाही, तिच्यासाठी तरतूद तरी कोण मागणार? त्यात कोनशिला नव्या रस्त्याला बसते. गटार उपसण्याच्या समारंभाला मंत्री आल्याचे कोणी ऐकलेले नाही.

गावरस्त्याचा मोठा वैरी पाणी. साइडपट्टी खचली, गटार बुजले, मोरी गाळाने तुंबली की पाणी रस्त्यावरच थांबते आणि भेगांतून खाली उतरते. मराठवाड्यातील काळी माती ते पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरची खडी सुटी होते. पुढचे काम उसाच्या ट्रॉल्या पुरे करतात. हे बरेचसे टाळायला फावडे, घमेले आणि पावसाळ्यापूर्वीचे काही दिवस पुरतात. पूर्वी हे काम मैलकुली करीत. हद्दीतला खड्डान्‌खड्डा ठाऊक असलेला हा कामगार निवृत्त झाल्यावर पुष्कळ ठिकाणी त्याची जागा भरली गेली नाही. तिथे ठेकेदार आला. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली, हे योग्यच झाले. पण त्या देखभालीचा खर्च राज्याने सोसायचा आहे, आणि सहावे वर्षही उजाडतेच.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले असते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी राखून ठेवावा, असे सुचविले. १९२९ मध्ये तसा निधी उभा राहिला. आजही इंधनावर रस्त्यांच्या नावाने उपकर आहे. परंतु संविधानाच्या २७० व्या अनुच्छेदानुसार उपकर राज्यांच्या वाटणीत धरला जात नाही, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्या निधीत इतर पायाभूत कामेही वाटेकरी झाली. ट्रॅक्टरच्या डिझेलवर शेतकरी कर भरतो. त्याच्या पाणंदीपर्यंत त्यातले काय पोचते?

रस्ता फुटल्याने जीपवाल्याचे फारसे अडत नाही. एस.टी. मात्र फाट्यावरूनच वळते. मग शाळेच्या मुली पायी निघतात आणि बाळंतीण बैलगाडीत घालून न्यावी लागते. यांतले कित्येक रस्ते १९७२ च्या दुष्काळात गावच्याच बायाबापड्यांनी खडी फोडून तयार केलेले आहेत.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते. कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत ती उघडायला लावावी. कोणती मोरी कधी साफ झाली आणि मजुरी कोणाला मिळाली, ते मोठ्याने वाचून घ्यावे. जिल्हा परिषदेकडे मात्र पहिली मागणी मैलकुलींच्या रिकाम्या जागा भरण्याची असावी.