अर्धी सहल आणि पूर्ण नकार
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मे महिना आहे. तुमच्यातल्या काहींच्या बॅगा अजून उघडायच्या असतील, काहींच्या भरायच्या असतील. दोघांनाही एकच विचारतो. प्रवास विम्याची पॉलिसी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? हसलात, म्हणजे उत्तर मिळालं.

आपल्याकडे हा विमा बहुतेक वेळा प्रवासासाठी घेतला जात नाही, व्हिसासाठी घेतला जातो. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावं लागतं. कागद दाखवला, शिक्का मिळाला, कागद बॅगेच्या तळाशी गेला. पण व्हिसाच्या त्या अटीत आहे ते तुमचं स्वतःचं आजारपण, इस्पितळ आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च. सांगलीत वडील अत्यवस्थ झाले म्हणून तुम्ही ल्युसर्नहून निघून आलात, तर बुडालेल्या हॉटेलांचे पैसे त्यात नाहीत. त्यासाठी पॉलिसीत ‘ट्रिप कर्टेलमेंट’ हे वेगळं कलम असावं लागतं, आणि सगळ्यांत स्वस्त पॉलिसीत ते पुष्कळदा नसतंच. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाबरोबर ४५ पैशांत मिळणाऱ्या विम्याची तऱ्हाही वेगळी नाही. तो मृत्यू, अपंगत्व, इस्पितळ एवढ्यापुरता आहे. सहल मोडली म्हणून त्याच्याकडे पैसे मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

समजा, कलम आहे. दावा दाखल केला आणि नकाराचं पत्र आलं. अशा वेळी आपण काय करतो? चिडतो, आणि कंपनीला पानभर दुःख लिहून पाठवतो. वडील खरंच आजारी होते, आम्ही काय खोटं बोलतोय का, आयुष्यभर प्रीमियम भरले. पण कंपनीने तुम्हाला खोटं ठरवलेलंच नसतं. ती एवढंच म्हणत असते, की तुमचं खरं आमच्या यादीत बसत नाही. तुम्ही एका मुद्द्यावर भांडत असता, ती दुसऱ्याच मुद्द्यावर नकार देत असते. असे दावे हरण्याचं मोठं कारण हेच आहे, असं माझं मत आहे. भांडण कलमावर न्यायला शिकलं पाहिजे.

पहिली अडचण रकमेची. एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. माणशी ३ लाखांची, १० दिवसांची सहल. सहाव्या दिवसानंतर परतावं लागलं. प्रवासी म्हणतो, ४ दिवस बुडाले, १ लाख २० हजार द्या. कंपनी म्हणते, यातले १ लाख विमानभाडं आणि व्हिसाचे, ते वेगळे काढा. उरले २ लाख, म्हणजे दिवसाला २० हजार, चार दिवसांचे ८० हजार. सहल कंपनीने १५ हजार परत केलेत, ते वजा करा. राहिले ६५ हजार. आता पॉलिसीचं शेड्यूल पाहा. या कलमाची कमाल मर्यादा ५०० डॉलर, आणि पहिले ५० डॉलर तुमचे तुम्ही सोसायचे. हातात पडतात साधारण ४० हजार.

इथे बहुतेक लोक दिवसाच्या दरावरून हुज्जत घालतात. २० हजार कसे, आमच्या हिशेबाने ३० हजार होतात. अहो, मर्यादा ५०० डॉलरची असेल तर ती हुज्जत जिंकून एक रुपयाही वाढत नाही! त्यापेक्षा घाईने काढलेल्या परतीच्या तिकिटाकडे बघा. काही पॉलिसींमध्ये हा जादा खर्च वेगळ्या शीर्षकाखाली मिळतो, काहींमध्ये त्याच मर्यादेत कोंबलेला असतो. तो वेगळा असेल आणि तुम्ही मागितलाच नसेल, तर कंपनी आपणहून आठवण करून देईल अशी आशा ठेवू नका.

दुसरी अडचण ‘निकटचे कुटुंबीय’ या व्याख्येची. आपल्या घरात आजी, मावशी, चुलते, मोठे भाऊ सगळेच निकटचे. पॉलिसीत ती यादी मोजकी असते. पती-पत्नी, मुलं, आईवडील, अनेक ठिकाणी सासू-सासरे. भावंडं काहींत आहेत, काहींत नाहीत. ज्या आजीने वाढवलं तिच्यासाठी परत आलेल्या नातवाला नकार मिळतो तो या व्याख्येवर. ही व्याख्या मला कोती वाटते. पण ती बदलून घेण्याची वेळ पॉलिसी घेताना असते, आणि त्या वेळी आपण फक्त प्रीमियम बघतो.

तिसरी अडचण भीतीची, आणि ती आपल्याला अगदी जवळून माहीत आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. बळी पडलेल्यांत महाराष्ट्रातले पर्यटक होते. हंगाम भरात होता, आणि काश्मीरमध्ये असलेली किती तरी मराठी कुटुंबं मिळेल त्या विमानाने परत आली. परत येणं शहाणपणाचंच होतं. पण हॉटेल उघडं, विमान सुरू, आणि आपण भीतीने निघालो, तर विम्याच्या भाषेत तो ‘स्वेच्छेने’ घेतलेला निर्णय होतो. काही पॉलिसींमध्ये दहशतवादी घटनेचं कलम असतं. त्यात घटना कुठे घडली, किती अंतरावर, किती दिवसांत, असल्या अटी असतात. पुढे ७ मेपासून लष्करी कारवाई सुरू झाली, श्रीनगरसह उत्तरेतले अनेक विमानतळ काही दिवस बंद राहिले. तेव्हा प्रश्न बदलला, कारण युद्ध हा बहुतेक पॉलिसींमधला अपवाद आहे. म्हणून एप्रिलमधल्या हल्ल्यामुळे परतलेल्याला युद्धाचा अपवाद लावून नकार आला असेल, तर त्याने तारखा समोर ठेवून भांडावं. दहशतवादी हल्ला आणि युद्ध या पॉलिसीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शब्द संदिग्ध असेल तर काय? २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, युरोपभरची विमानं जमिनीवर आली, आणि ब्रिटनमध्ये वाद पेटला की आकाशातली राख हे ‘खराब हवामान’ आहे की नाही. आपल्याकडच्या न्यायालयांनीही मानलेलं तत्त्व असं, की ज्याने करार लिहिला त्याच्या विरुद्ध संदिग्धतेचा अर्थ लावावा. कारण मसुदा तुम्ही लिहिलेला नाही, तुम्ही फक्त ‘आय ॲग्री’च्या चौकोनात खूण केली आहे.

नकार देताना आधीच्या आजाराचं निमित्तही पुष्कळदा पुढे केलं जातं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा एक निकाल लक्षात ठेवा. एक गृहस्थ २००९ मध्ये परदेश प्रवासाची पॉलिसी घेऊन अमेरिकेला गेले. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरच त्यांना त्रास सुरू झाला, अँजिओप्लास्टी करावी लागली. मधुमेह आहे हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, तपासणीही झाली होती. कंपनीने बोट ठेवलं ते कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, ती सांगितली नव्हती म्हणून. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या पीठाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकृतीची माहिती घेऊन, धोका तोलून पॉलिसी दिली असेल, तर त्याच सांगितलेल्या आजाराचं कारण काढून नंतर दावा नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण यातली मेख विसरू नका. ते जिंकले याचं मुख्य कारण त्यांनी मधुमेह लपवला नव्हता.

कागदांविषयी थोडक्यात. निघण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा, आणि फोनवर बोललात तरी पाठोपाठ ईमेल करा. ज्यांच्यासाठी परत आलात त्यांच्या डॉक्टरांचं तारखेसह प्रमाणपत्र घ्या. सहल कंपनीकडून ‘इतके दिवस वापरले नाहीत, इतके पैसे परत मिळणार नाहीत’ असं लेखी घ्या. हे शेवटचं पत्र मिळवणं सगळ्यांत कठीण. विमा सहल कंपनीच्या सामूहिक पॉलिसीतून असेल, तर तुमच्याकडे फक्त एक पानी सर्टिफिकेट असतं. संपूर्ण पॉलिसी मागा. जी अट तुम्हाला कधी कळवलीच नाही ती तुमच्यावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे. आणि केवळ कागद अपुरे म्हणून दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाने जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

आता नकाराच्या पत्राला उत्तर. लांबलचक लिहू नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं, त्या कलमाची शब्दरचना काय, आणि माझ्या कोणत्या कागदामुळे ते लागू होतं, एवढं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला विचारा. रक्कम कमी मिळाली असेल तर हिशेब मागा. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. उत्तर पटलं नाही, किंवा महिन्याभरात आलंच नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. तिथे माणूस स्वतःच्या तोंडाने आपली बाजू मांडतो, हे मला त्या व्यवस्थेतलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. उलट क्रम मात्र चालत नाही. आयोगात प्रकरण दाखल केलंत की लोकपाल ते घेत नाहीत.

ग्राहक आयोगाला लोक उगाच भितात. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. अधिकारक्षेत्र ठरतं ते तुम्ही भरलेल्या रकमेवर, म्हणजे इथे प्रीमियमवर, आणि ती रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा यातलं काहीही नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. आज कायदा हाताशी आहे आणि आपण तो वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. नकाराचं पत्र घरात पडलं असेल तर आज रात्री त्यावरची तारीख बघा. आयोगाकडे जायला त्या तारखेपासून दोन वर्षं आहेत, आणि लोकपालांकडे जायला तुमच्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, एकच.